दोन नोकऱ्यांच्या मधला मिलिंद

मृत्यू कुणालाही पूर्वसूचना देत नाही, असं आमचे प्लांट हेड शोकसभेत धीरगंभीर आवाजात म्हणाले. मिलिंदने मात्र तीन महिन्यांची रीतसर नोटीस दिली होती आणि ती भरलीही होती. शुक्रवारी जुनी कंपनी सुटली, सोमवारी नव्या कंपनीत रुजू व्हायचं होतं. रविवारी सकाळी सांगवीहून त्याच्या वडिलांचा फोन आला. "मिलिंद उठत नाहीये. तुम्ही या…"

आम्ही दोघं महाळुंग्याच्या कारखान्यात क्वालिटीला होतो आणि कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायचो. चाळिशी जवळ आली तसं त्याच्या मनाने घेतलं, की आता कन्सल्टिंग नाहीतर फायनान्स. सुटे भाग तपासून कंटाळलो, आता अख्ख्या कंपन्या तपासतो, म्हणायचा. तिथल्या मुलाखतींत म्हणे चमत्कारिक प्रश्न विचारतात. चाकणपासून भोसरीपर्यंत चहाच्या टपऱ्या किती, अंदाज बांधा. उत्तर चुकलं तरी चालतं, फक्त विचार केल्यासारखं दिसलं पाहिजे. मिलिंदने हा सराव बसमध्येच सुरू केला. मोशीला बस अडकली की तो प्रश्न टाकायचा आणि बसभर वाद पेटायचा. पेंट शॉपचे जाधव एकदा म्हणाले, "भावा, अंदाज कशाला बांधतो? ट्रॅफिक सुटेपर्यंत मोजून होतील."

शेवटी दोन ऑफर आल्या. मुंबईच्या फायनान्स कंपनीची भरघोस होती. पुण्यातल्या कन्सल्टिंगची बेताची, पण घर सुटत नव्हतं. घरात तो आणि वडील, दोघंच. वडिलांना आम्ही सगळे दादा म्हणतो. ते पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पर्मनंट नोकरी सोडणं त्यांच्या लेखी चालत्या गाडीतून उतरण्यासारखं. कन्सल्टिंग म्हणजे काय, हे मिलिंदने त्यांना माझ्यासमोर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे सल्ला द्यायचे पैसे. मी इतकी वर्षं फुकट दिला, तो घेतला नाहीस." मग आठवडाभर अबोला. मिलिंदने पुण्याचीच ऑफर घेतली. मुंबई कुणासाठी सोडली हे दादांना कळू दे, असं मी म्हणालो, तर म्हणे, "राहू दे राव. त्यांना वाटेल, आपण पोराला अडवलं."

राजीनामा दिला की माणसाचे गुण दिसू लागतात. निरोप समारंभात मिलिंद कंपनीचा आधारस्तंभ ठरला. शाल, नारळ, आणि डोक्यावर पुणेरी पगडी. ती सावरत तो माझ्या कानाशी पुटपुटला, "आमच्या घराण्यातली पहिलीच. दादांनी पाहिली तर महिनाभर विहारात तोंड दाखवायचे नाहीत." आणि हसला. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. शोकसभेत प्लांट हेड पुढे जे बोलले, ते मी त्या शुक्रवारी निरोपाच्या भाषणात ऐकलं होतं. आधारस्तंभही तोच होता.

तीनेक आठवड्यांनी एका मुलीचा फोन आला. नव्या कंपनीसाठी उमेदवारांची पडताळणी करणारी. मिलिंदने संदर्भ म्हणून माझं नाव दिलं होतं. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. वक्तशीर आहे का? आहे. दबावाखाली कसा वागतो? शांत असतो. मध्येच सांगायला हवं होतं, पण प्रत्येक उत्तराला तो थोडा वेळ आणखी असल्यासारखा वाटत होता… शेवटचा प्रश्न होता, संधी मिळाली तर तुम्ही त्यांना परत घ्याल का? मी म्हणालो, "लगेच." तिने आभार मानून फोन ठेवला.

बसमध्ये आता कुणी काही विचारत नाही. माझ्या शेजारची जागा कुणी घेत नाही, उभे राहतात. मोशीला बस थांबली की जाधव खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले आहेत.

परवा सांगवीला गेलो. बुद्धाच्या तसबिरीखाली मिलिंदचा फोटो, तोच, पगडीतला. दुसरा एखादा शोधून देऊ का, मी विचारलं.

"हसतोय ना त्यात. राहू दे," दादा म्हणाले. त्यांनी फोटोची काच पुसली. "मुंबईला का गेला नाही, ठाऊक होतं मला. विचारलं असतं तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं." मग म्हणाले, त्याच्या अंगावरची शेवटची चांगली वस्तू ती. ती पगडी मिळेल का?

चौकशी केली. पगडी भाड्याची होती. सध्या ती दुसऱ्या एका कंपनीच्या निरोप समारंभाला गेली आहे.