बोटं हलली कितव्या सेकंदाला?

मला एक सांगा, भरवसा कुणावर ठेवायचा? माणसावर, घड्याळावर की कॉम्प्युटरवर? हिंगोलीत इलेक्ट्रॉनिक वजनकाटे विकता विकता मी बघून बघूनच कॉम्प्युटर शिकलो, दुकानात दोन मांडले, आणि तेव्हापासून किस्से साठत गेले. बिघडलेल्या माऊससारखे. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही! त्यातले हे संघमित्राचे.

संघमित्रा आमच्या गल्लीतल्या गुरुजींची लेक. शहरात मेंदूवर पीएच.डी. करत होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून महिनाभर घरी आली, ती सीडींची पिशवी घेऊनच. बारा माणसांच्या मेंदूचे फोटो! त्यातला सातवा मी. काटे आणायला शहरात गेलो होतो, तेव्हा तिनं मलाही ते फोटो काढणाऱ्या एमआरआय मशीनमध्ये झोपवलं होतं.

"काका, बाराच्या बारा बरोबर निघाले पाहिजेत. न्हाई तर सर विषयच बदलायला लावतील. दोन वर्षं वाया!"

काम काय? मशीन दर दोन सेकंदांनी मेंदूचा फोटो काढतं. माणूस वीस सेकंद गप्प पडून राहतो, वीस सेकंद बोटं हलवतो, पुन्हा गप्प. कितव्या सेकंदाला बोटं हलली आणि किती वेळ, एवढं फाइलीत लिहून सॉफ्टवेअरला द्यायचं. मग बोटं हलवताना मेंदूचा जो भाग जास्त काम करतो, तो लाल होऊन दिसतो.

माझ्याकडं काटे दुरुस्त करणारा गफ्फारभाई मान वर करून म्हणाला, "मतलब डोक्याचं हजेरीपुस्तक!"

* * *

पहिल्या दिवशी गफ्फारभाईनं वेळ लिहिली : अकरा वाजून वीस मिनिटं.

"घड्याळ न्हाई लिहायचं, गफ्फारभाई. ठेवलेला पहिला फोटो म्हणजे शून्य. तिथून मोजायचं," संघमित्रा म्हणाली.

"ठेवलेला? मग बाकीचे टाकून काहून देता?"

"सुरुवातीचे चार टाकावेच लागतात. मशीन स्थिर व्हायला वेळ घेतं."

"असं सांगा ना! पोतं ठेवल्या ठेवल्या काट्यावर आकडा नाचतो, तो कोण लिहितो?"

संघमित्रानं कपाळावर हात मारला. "हे समजायला मला एक सेमिस्टर लागलं होतं!"

* * *

मग मी हुशारी केली. त्या चार फोटोंचे आठ सेकंद प्रत्येक वेळेतून इमानेइतबारे वजा केले. लाल ठिपका फिका पडला! चौकशी केली तर कळलं, शहरातल्या सेंटरनं ते चार फोटो आधीच काढले होते आणि वेळाही त्यानंतरपासूनच मोजल्या होत्या.

गफ्फारभाई खूश. "शेठ, एकाच पोत्याचं रिकामं वजन दोनदा कापलं! हळदीच्या मोंढ्यात असते तर लोकांनी काट्यासकट उचलून नेलं असतं तुमाला."

* * *

एकदा सॉफ्टवेअरनं विचारलं, आकडे सेकंदांचे की फोटोंचे? मी दाबलं, फोटोंचे. झालं! वीस सेकंदांचे झाले वीस फोटो, म्हणजे चाळीस सेकंद. सगळाच पसारा दुप्पट लांबला.

"काका, फोटो पाच मिनिटांत संपले. तुमच्या फाइलीत माणूस नवव्या मिनिटाला बोटं हलवून राहिला!"

गफ्फारभाई म्हणाला, "एव्हाना तो यष्टीत बसून घरी निघाला असंल, ताई."

* * *

आणखी एकदा गप्प पडण्याच्या वेळा बोटांच्या नावावर गेल्या. सगळं उलटं! ठिपका उठला तो विश्रांतीचा.

मी म्हणालो, "चुकलं."

गफ्फारभाई म्हणाला, "काहून चुकलं? आपल्या गावात हात थांबल्यावरच लोकांचं डोकं चालतं!"

* * *

शेवटी अकरा माणसं झकास जुळली. सातवा कोरा! लाल सोडा, गुलाबीसुद्धा नाही.

"शेठ, तुमच्या डोक्यात काहीच न्हाई," गफ्फारभाई म्हणाला. "मशीननं लिहून दिलं."

संघमित्रा हसली नाही. तीनदा फाइल तपासली, वेळा बरोबर होत्या. गफ्फारभाई हळूच म्हणाला, "ताई, आकडे थोडे इकडं-तिकडं सरकवा ना. कुठं तरी लाल होईलच."

तिचा हात कीबोर्डवर थांबला. दोन वर्षं होती त्या हाताखाली. मग तिनं कीबोर्ड बाजूला सारला आणि माझ्याकडं वळली.

"काका, खरं सांगा. विश्रांतीच्या वीस सेकंदांत काय करून राहिले होते?"

मशीनमधून उठल्या उठल्या मी तिला छातीठोक सांगितलं होतं, 'दगडासारखा पडून होतो.' आता मान खाली घातली, तर आपलाच हात दिसला. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. एक पेर, दोन पेरं, तीन पेरं...

"बोटांवर मोजून राहिलो होतो," मी म्हणालो. "वीस सेकंद कधी भरतात ते. तुझा हिशोब चुकू नये म्हणून."

म्हणजे गप्प पडायच्या वेळीही बोटं चालूच, मग मशीनला फरक दिसणार कुठला? आता मात्र ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग दुकानातूनच सरांना फोन लावला आणि जसं घडलं तसं सांगितलं. सर म्हणाले, विषय राहू दे, सातव्याच्या जागी नवा माणूस आण.

फोन ठेवून तिनं गफ्फारभाईकडं पाहिलं. त्यानं दोन्ही हात खिशात घातले.

"मी येतो, ताई. बोटांवर मोजता येत न्हाई, म्हणून तर काट्याच्या दुकानात हाय!"

तेव्हा मंडळी, विनंती एवढीच. कुणी तुमच्याकडं सेकंदांचा हिशोब मागितला, तर जसे गेले तसेच लिहा. आणि लिहिण्याआधी आपला अंगठा कुठं आहे, तेवढं बघा.