काठावर थांबलेला चेंडू

“संपलं का गं?” आईनं विचारलं.

मी माइक म्यूट केला. “न्हाई. बराबरी झाली.”

“मग आता?”

“आता परत खेळतील.”

“काहून? चार दिवस खेळल्याच की बिचाऱ्या.”

आईचं म्हणणं खरं होतं. ऑस्ट्रेलियात महिलांच्या गोल्फची एक मोठी स्पर्धा चालू होती. रोज अठरा होल, म्हणजे अठरा खड्ड्यांत चेंडू घालायचा; चार दिवसांत बहात्तर. एवढं खेळून ऑस्ट्रेलियाची ब्रिजेट आणि कोरियाची सोरा यांचे फटके अगदी सारखे झाले होते. तिथली हिरवळ मला लॅपटॉपवर दिसत होती. मी बसले होते सेनगावात, शकीलभाईंच्या केबल ऑफिसच्या वरच्या खोलीत. आणि प्लेऑफ हा प्रकार मी आयुष्यात एकदाही पाहिला नव्हता.

खरं तर मी कबड्डीची कॉमेंटेटर. पुसेगावच्या मैदानावर एका सामन्याला बोलणारा माणूस आला नाही, म्हणून माझ्या हातात माइक आला. त्याला आता बारा वर्षं झाली. हल्ली एका मोबाइल ॲपसाठी मराठीतून कबड्डी आणि खो-खो करते. बहुतेक वेळा पुण्याच्या स्टुडिओत स्क्रीन बघून बोलायचं असतं. आमच्या धंद्यात याला ‘ऑफ ट्यूब’ म्हणतात. मैदान एकीकडे, बोलणारा दुसरीकडे.

त्या आठवड्यात मी सुट्टी घेऊन गावी आले होते. आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हिंगोलीला झालं होतं. डाव्या डोळ्यालाही धूसरच दिसायचं. दर दोन तासांनी थेंब टाकायचे, म्हणून मी तिच्यापासून हलत नव्हते. शनिवारी दुपारी प्रोड्यूसर केतनचा फोन आला. प्रोड्यूसर म्हणजे प्रक्षेपण चालवणारा आणि आमच्या कानात सतत बोलणारा माणूस.

“सुजाता, गोल्फच्या कॉमेंटेटरचा आवाज बसलाय. उद्या फायनल राउंड आहे.”

“मला गोल्फ येत नाही.”

“खेळायचं नाहीये. बोलायचंय.”

“केतन, मी सेनगावात आहे.”

“लॅपटॉप आहे ना? हे बघ, मराठी गोल्फ ट्रायलवर आहे. उद्या आवाज गेला नाही, तर सोमवारी बंद करतील. माणसं पण कमी करतील.”

माणसं कमी करतील, यात मी पण आले हे त्यानं सांगितलं नाही. मला कळलं.

घरच्या मोबाइल नेटवर चित्र अडकत होतं. मी शकीलभाईंकडे गेले. गावात आधी केबल आणि आता फायबर त्यांनीच टाकलं. त्यांनी वरची खोली झाडून दिली, इन्व्हर्टर जोडला, जाडा पडदा लावला. रविवारी पहाटे आईला काळा चष्मा घालून मी हाताला धरून जिना चढवला, तर ते दारातच उभे होते.

“जयभीम, वहिनी. या. बेटीला येजा करायची तकलीफ नको, तुमी इथंच बसा.”

आदल्या दिवशी मी गोल्फचे नियम वाचत बसले होते. वाचायला लागले ते भीतीनं, पण तासाभरात गोडी लागली. एका होलला किती फटके लागावेत हे ठरलेलं असतं. तेवढ्या फटक्यांत चेंडू खड्ड्यात गेला तर ‘पार’. एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’. मी हे मोठ्यानं आईला समजावत होते.

“म्हंजे कमी मारणारा जिंकते?”

“व्हय.”

“हे बेस हाय,” आई म्हणाली. “उगा धावपळ न्हाई.”

सकाळचे पहिले तास बरे गेले. नंतर बाराव्या होलला मी फसले. लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात स्कोअरची एक छोटी खिडकी होती. मैदानावरचा माणूस यंत्रात आकडा टाकतो आणि तो तिथं उमटतो. तिथं सोराची बर्डी दिसली आणि मी उत्साहात बोलून टाकली.

शकीलभाईंनी मला हातानं खुणावलं. मी म्यूट केलं.

“बेटी, अजून तिनं मारलाच न्हाई.”

खरंच, चित्रात सोरा अजून वाकून अंदाज घेत होती. मला वाटलं लाइन बिघडली. शकीलभाई हसले. “लाइन बराबर हाय. आकडा हलका असतो, पटकन येतो. चित्र जड. ते फिरून फिरून येतं. वीसेक सेकंदांचा फरक पडतो.”

केतनही कानात ओरडला, “स्कोअर आधी येतो! सांभाळ!”

मला मात्र त्या वीस सेकंदांची गंमत वाटायला लागली. तिथं घडून गेलेलं असायचं, आकडा येऊन बसलेला असायचा, आणि चित्रातली बाई अजून काठी हातात घेऊन विचार करत असायची. निकाल आपल्याला ठाऊक, तिला नाही. असं कबड्डीत कधी झालं नव्हतं.

तर दुपारी बाराच्या सुमारास बरोबरी झाली आणि प्लेऑफ आला. त्याची रीत सोपी आहे. दोघींनी अठरावा होल पुन्हा खेळायचा. जिचे फटके कमी, ती जिंकली. सारखे झाले तर परत तोच होल. असं फरक पडेपर्यंत.

पहिल्या फेरीत दोघींना चार-चार फटके लागले. पार. त्या पुन्हा टी-वर गेल्या, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथं.

“आता दमल्या असतील,” आई म्हणाली. “पाणी-बिनी पितात का न्हाई?”

“सोरा केळं खाऊन राहिली,” शकीलभाईंनी सांगितलं.

दुसऱ्या फेरीत सोराचा चेंडू दोन फटक्यांत ग्रीनवर आला. ग्रीन म्हणजे खड्ड्याभोवतीचं एकदम बारीक कापलेलं गवत. ब्रिजेटचा चेंडू बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात पडला. तिनं तो तिसऱ्या फटक्यात सुरेख बाहेर काढला आणि होलपासून पाच फुटांवर आणून ठेवला. सोरानं तिसरा फटका मारला, तो थोडा कमी पडला. चौथ्यात तिनं चेंडू आत घातला. आता ब्रिजेटनं त्या पाच फुटांवरून चौथ्या फटक्यात चेंडू आत घातला तर पुन्हा बरोबरी. चुकली तर खेळ संपला.

ब्रिजेट चेंडूमागे बसून उतार बघत होती. मी हळू आवाजात बोलत होते. तेवढ्यात कोपऱ्यातला आकडा बदलला. ब्रिजेट पाच. खाली ‘विजेती: सोरा’.

“आला,” केतन कानात म्हणाला. “ब्रिजेट चुकली. वाक्य तयार ठेव. सोरा चॅम्पियन, कोरियाचा झेंडा वगैरे. चेंडू चुकला की लगेच.”

मी वाक्य तयार केलं. चांगलं झालं होतं. चित्रात ब्रिजेट उभी राहिली. तिनं चेंडूला हलकेच टोला दिला. चेंडू सरळ गेला, खड्ड्याच्या कडेला अर्धा फिरला आणि थांबला. अगदी काठावर. निम्मा चेंडू खड्ड्यावर लटकत होता.

मैदानावरचे लोक “ओह” करून ओरडले. ब्रिजेटनं डोक्याला हात लावला.

“बोल!” केतन.

माझ्या तोंडातून “आणि सोरा...” एवढंच निघालं आणि मी थांबले. काल वाचलेला एक नियम आठवला. कबड्डीत चढाईला तीस सेकंद असतात, म्हणून सेकंदांचे नियम माझ्या लक्षात राहतात. चेंडू काठावर लटकला, तर खेळाडूला होलपर्यंत चालत जायला वेळ मिळतो आणि तिथं पोचल्यावर आणखी दहा सेकंद. तेवढ्यात चेंडू आपोआप पडला तर आधीच्याच फटक्यात गेला असं धरतात.

ब्रिजेट आत्ता कुठं चालायला लागली होती. आणि आकडा तर आधीच आला होता. म्हणजे आकडा टाकणाऱ्यानं कधी टाकला? दहा सेकंदांनंतर, की चेंडू थांबल्या थांबल्या?

“सुजाता, सोरा जिंकली. आपल्या ॲपच्या हिंदीवाल्यांनी बोलूनसुद्धा टाकलं. काय करतेयस?”

आकडा खरा असेल तर साऱ्या स्पर्धेचा शेवटचा क्षण मी गमावत होते. आमच्या धंद्यात इतकी लांब शांतता म्हणजे पापच. सोमवारी काय होईल तेही डोळ्यांसमोर आलं. बारा वर्षांत मी प्रोड्यूसरचं ऐकलं नाही असं झालं नव्हतं.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. “पडला का?”

माइक चालू होता. आईचा प्रश्न थेट प्रक्षेपणात गेला.

“नाही पडला,” मी म्हणाले. माइकवरच. “चेंडू काठावर आहे. ब्रिजेट आता होलपाशी पोचलीय. नियमानं तिला इथून दहा सेकंद थांबता येतं. आपणही थांबू. एक. दोन. तीन.”

केतन कानात काहीतरी म्हणत होता. मी हेडफोन एका कानावरून सरकवला.

“चार. पाच. ब्रिजेट वाकून बघतेय, हात लावत नाहीये. सहा. सात.”

शकीलभाई खुर्चीवरून उठून स्क्रीनपाशी आले होते.

“आठ...”

चेंडू पडला. कुणी फुंकर मारली नाही, काही नाही. गवताचं एखादं पातं वाकलं असेल. मैदानावर एकच गलका झाला. ब्रिजेटनं काठी टाकून दिली आणि खाली बसली.

“पडला, आई!” मी ओरडले. तेही प्रक्षेपणात गेलं. “चार फटके! परत बराबरी!” बरोबरी म्हणायचं होतं, पण तोंडात घरचाच शब्द आला.

कोपऱ्यातल्या खिडकीत सोरा आणखी मिनिटभर विजेती होती. मग तो शब्द गेला आणि ब्रिजेटच्या नावापुढं चार आला. हिंदीवर काय चाललं असेल याची मला कल्पना होती. बोललेलं मागं घेणं फार वाईट असतं. मी घेतलंय एकदोनदा.

तिसऱ्या फेरीआधी मी आईच्या थेंबांच्या बाटलीचा खोका उचलला आणि त्या कोपऱ्यावर आडवा लावला. आकडा दिसेनासा झाला. मग खेळ मला सगळ्यांसोबत दिसला. ब्रिजेटचा पहिला फटका झाडांत गेला. तिथून चेंडू आडवा काढण्यातच तिचा एक फटका गेला, आणि शेवटी तिला पाच लागले. सोरानं चारात संपवलं. तयार केलेलं वाक्य मी याही वेळी वापरलं नाही. जे दिसलं ते सांगितलं. सोरानं आधी टोपी काढली, मग ब्रिजेटकडे जाऊन तिला मिठी मारली.

आईनं विचारलं, “ती दुसरी रडून राहिली का?”

“न्हाई. हसून राहिली.”

“मोठी हाय मग.”

संपल्यावर केतनचा फोन आला. “शेवटी सोराच जिंकली ना? मग मघाशी बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?”

मला त्याचा राग आला. पण तो चिडवत नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

“तू ब्रिजेट असतास तर विचारलं असतंस का?” मी म्हणाले.

तो म्हणाला, “हिंदीवाल्यांना ऑन एअर सॉरी म्हणावं लागलं. वरच्या साहेबांनी मला विचारलं, मराठीत कोण होतं.” आणि मग, “ती ‘पडला का’ विचारणारी बाई कोण, असे खूप मेसेज आलेत.”

मी आईला सांगितलं. आई लाजली. “मला काय म्हाईत, ते सगळ्यांला ऐकू जाऊन राहिलं,” म्हणाली.

मराठी गोल्फ बंद झालं नाही. दोन दिवसांत नेहमीच्या कॉमेंटेटरचा आवाज मोकळा झाला आणि मी कबड्डीकडे परत गेले. आईचा डोळा चांगला झाला. डाव्याचं ऑपरेशन व्हायचं आहे.

कंपनीनं पुढच्या आठवड्यात स्कोअरचा आकडा चित्राइतकाच उशिरा यावा अशी सोय केली आणि सगळ्यांना एक मेल पाठवला. ‘कॉमेंटेटरने स्क्रीनवर घडलेले पाहूनच बोलावे.’ मैदानाच्या कडेला उभं राहून बोलत होते तोवर हे मला कुणी लिहून दिलं नव्हतं. खोलीत बसून बोलायला लागल्यावर मात्र ते लिहून द्यावं लागतं.