सातबाऱ्यावर नसलेली आत्या

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं वाचनालय मी काही वर्षं सांभाळलं. डोंबिवलीहून आठवड्यातून तीनदा जायचे. तिथली मुलं एकाच तऱ्हेच्या कादंबऱ्या मागायची. श्रीमंत घराणं, मोठा बंगला आणि घरच्यांनी दडपलेली एखादी गोष्ट. दहावीतली एक मुलगी तर आठवड्याला दोन संपवायची.

"यातल्या पोरीने बापाला सरळ विचारलं असतं, तर दहा पानांत आटपलं असतं," मी एकदा म्हटलं.

"मग मजा काय, मॅडम?"

ही मुलगी तिथल्या मूळ गावातली. टॉवर उभे राहिले ती भातशेती तिच्या आजोबांची. आता वडिलांचे अख्खे दोन मजले होते. तिची आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, खडवलीला राहायची, शाळेत खिचडी शिजवायची. दर भाऊबीजेला तांदळाच्या भाकरी आणि सुकट घेऊन यायची. पोरीचा तिच्यावर भारी जीव.

जातीच्या दाखल्यासाठी जुने कागद लागले, तेव्हा वडिलांनी तिलाच कपाटातली फाईल काढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती पुस्तक न घेता माझ्यासमोर बसली.

"मॅडम, आजोबांच्या वारसांत फक्त बाबांचं नाव आहे. लिहिलंय, एकुलता एक मुलगा, दुसरं कोणी नाही. खाली बाबांची सही. सातबाऱ्यावर पण आत्या नाही."

"हक्कसोड दिली असेल. बहिणी देतात."

"तो कागदच नाही. आत्या आहे असंच कुठे नाही."

मी माझ्या माहेरच्या घरावर हक्कसोड दिलेली आहे. भावाने बोलावलं, मी सही केली, दोघांनी चहा घेतला, मी घरी आले. पण मला विचारलं होतं. हिच्या आत्याला तिच्याच बापाची मुलगी म्हणून धरलं नव्हतं.

"आत्याला माहीत असेल का?" तिने विचारलं.

"विचार ना. विचारायला काय हरकत आहे?" मी म्हटलं आणि रजिस्टर भरायला घेतलं. कधी, कुणासमोर, हे सांगायचं मला सुचलं नाही.

तिने भाऊबीजेला विचारलं. वडील पाटावर बसलेले, कपाळाला टिळा लागलेला, आत्याच्या हातात निरांजन.

"आत्या, आजोबांच्या कागदात तुझं नाव का नाही गं?"

वडील म्हणाले, "गप. अक्कल आहे का?"

आत्याने ओवाळणं पुरं केलं. मग म्हणाली, "मना ठाव होता, बाय. पयल्यापासून ठाव होता." तबकात पडलेलं पाकीट तिथेच ठेवून, न जेवता ती निघून गेली.

पुढच्या भाऊबीजेला ती आली नाही. वडील आंघोळ करून, नवा शर्ट घालून दुपारपर्यंत थांबले, असं पोरीने मला सांगितलं. "माझ्यामुळे आत्या तुटली," म्हणाली. रडली नाही. मला वाटलं, निम्मं माझ्यामुळे. म्हणून पुढच्या रविवारी तिला घेऊन मी खडवलीला गेले.

आत्याने आधी जेवायला वाढलं, मग माझ्याकडे बघितलं.

"तुमीच सांगितला हिला इचारायला?"

"हो."

"शिकल्यासवरल्या ना तुमी. मना काय समजत नव्हता? मी कोर्टात गेली असती तर जमीन भेटली असती. माहेर नसता भेटला. म्हणून गप होती. वर्साला एक दिस दादूस माझ्या हातचा जेवायचा. आता सगल्यांसमोर बोलला गेला. आता मी कुठल्या तोंडाने जाव? मागायला आली म्हणतील."

"मी बाबांना नाव लावायला सांगते," पोर म्हणाली.

"नाव र्‍हाऊ दे. त्याला सांग, हितं ये. एकदा तरी हितं येऊन जेव."

परतताना पोरीने निरोप दोनदा म्हणून पाठ केला. घरी जाऊन तसाच सांगितला. वडील ऐकून उठून गेले.

त्यालाही आता दोन वर्षं झाली. ते खडवलीला अजून गेलेले नाहीत. पोर मात्र दर महिन्याला जाते. घरी सांगून जाते आणि जेवूनच परत येते.