नाव न लावलेली दुनळी

दुसरं वळण मागे पडल्यावर आर्डिसने दुनळी बंदूक उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि परत तोच विषय काढला.

"ही कुणाची असेल, तुझा काय अंदाज?"

डार्ला मक्याच्या शेताकडे बघत चालत राहिली. म्हणाली, "इथे दुनळी कुणाकडे नाही? शोधत बसलीस तर बर्फ पडायला लागेल."

खडीचा रस्ता चारही बाजूंनी एकेक मैल, मधे आर्डिसचं आणि डार्लाचं शेत. ऑगस्टपासून दोघी रोज संध्याकाळी हा पूर्ण चौकोन चालत होत्या. डार्ला दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहून पाय दुखवून घ्यायची, आणि वर हे चार मैल. पण शहात्तर वर्षांच्या आर्डिस लोकेनने एकदा ठरवलं की तिच्या शेजारणीने नाही म्हणायची सोय नसे. बंदुकीत काडतूस नसायचं, बिजागरीवर उघडून नळ्या खाली लोंबत्या ठेवलेल्या असायच्या. दुनळी आल्यापासून वजनाची सवय व्हावी म्हणून आर्डिस ती बरोबर घ्यायची. "शनिवारी शेतात मी बंदूक उचलून चालणार आहे, हातात पर्स धरून नाही," असं ती म्हणे.

प्रश्न त्या शनिवारचाच होता. ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शनिवारी फेझंटची, म्हणजे रानकोंबड्यासारख्या पक्ष्याची, शिकार सुरू होते, आणि लोकेन घराण्यात त्या दिवशी लेकी, जावई, नातवंडं झाडून सगळी हजर असतात. धडधाकट माणसं एका रांगेत शेतातून पक्षी उठवत चालतात, आणि ज्यांच्याने चालवत नाही ती शेताच्या टोकाला पालथ्या बादलीवर बसून राहतात. आर्डिस चाळीसहून जास्त वर्षं रांगेत चालली होती. मागच्या वर्षी मात्र खांद्याचं ऑपरेशन झालेलं, तर तिचा मुलगा केंट याने तिला बादलीवर बसवलं. नुसतं बसवलं नाही, गुडघ्यांवर घोंगडी पांघरली आणि हातात कॉफीचा थर्मास दिला. सगळ्या नातवंडांनी ते बघितलं. त्या दिवशी आर्डिस घरी येऊन एक शब्द बोलली नव्हती, आणि ती बोलली नाही म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक होतं ते घाबरले होते.

या वर्षी केंटने अट घातली. शिकारीच्या आधीच्या रविवारी चर्चच्या मागच्या कुरणात मातीच्या चकत्यांची नेमबाजी असते. यंत्रातून नारिंगी चकती हवेत भिरकावली जाते, ती छऱ्यांनी फोडायची. पंचवीस चकत्यांपैकी निम्म्याहून जास्त फुटल्या तर आई रांगेत, नाहीतर बादली. केंट आईवर जीव टाकणारा मुलगा, पण अटी घालताना तो बापावर गेला होता.

तेव्हा आर्डिसला हवी होती एक बंदूक. नवऱ्याच्या, हार्लनच्या, बारा बोअरच्या दोन जड बंदुका, ज्यांतली एक घेऊन ती रांगेत चालायची, तिने त्याच्या मयतीनंतर केंटला देऊन टाकल्या होत्या, आणि त्या असत्या तरी दुखऱ्या खांद्याला त्यांचा धक्का सोसला नसता. तिला एकच बंदूक हवी होती, सगळ्याला पुरेल अशी. शेतात पक्ष्यांना, कुरणात चकत्यांना आणि घरी एकटी असते म्हणून घराला. घरासाठी केंटने आधीच एक आखूड, काळी, प्लास्टिकच्या दस्त्याची बंदूक आणून दिली होती. आर्डिस तिला मोरीचा पाइप म्हणायची. ती म्हणे, या घरात एवढ्या वर्षांत न बोलावता आलं कोण, तर पडवीत शिरलेलं एक रॅकून, आणि बर्फात गाडी रुतवून दार बडवणारा टोलेफसनांचा झिंगलेला पोरगा. रॅकूनला तिने भांडं वाजवून हाकललं आणि पोराला कॉफी पाजून सोफ्यावर झोपवलं. तरी वेळ काही सांगून येत नाही हे तिलाही मान्य होतं. पण वेळ आलीच तर हातात अशी वस्तू हवी की जी अर्धवट झोपेतही ओळखीची वाटेल. पाइपाची आणि तिची ओळख काही होईना.

ही गोष्ट चर्चच्या तळघरात, कॉफीच्या टेबलावर निघाली, आणि तिथेच चूक झाली. त्या गावात कुणाच्या घरी दुःख झालं की दुसऱ्या दिवसापासून दारात हॉटडिशची भांडी येऊ लागतात. बटाटे, खिमा, वरून चीज, आणि तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव, म्हणजे भांडं परत योग्य घरी जातं. हार्लन गेला तेव्हा आर्डिसच्या फ्रीजचं दार लागेना. आता तशाच बंदुका यायला लागल्या. ज्याला त्याला वाटे, आपली बंदूक म्हणजे जगात एक, ती आर्डिसच्या हाताला लागली की काम झालंच. खाटीक डुएनने आपली आपोआप काडतूस भरणारी आणून दिली. ती थांबतच नसे, अगदी डुएनसारखी. पोस्टातल्या बाईंनी वडिलांची आणली, ती उचलायलाच दोन माणसं लागली असती. चर्चचे पाळक गेलेन यांनी स्वतःची इटालियन दिली, तिच्या दस्त्यावर बदकं रंगवलेली. आर्डिस म्हणाली, इतकी देखणी की चकती सोडून माझं लक्ष बंदुकीकडेच.

हॉटडिशची सवय हाताला लागलेली, म्हणून आर्डिसने प्रत्येक दस्त्याला चिकटपट्टी लावून वर नाव लिहिलं. जुनं पॉलिश आणि नवी चिकटपट्टी. पाळकांच्या दस्त्यावरून पट्टी निघाली ती बदकाचं अर्धं शेपूट घेऊनच. पुढच्या रविवारी पाळकांनी क्षमेवर प्रवचन केलं आणि सबंध वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. आर्डिसने त्यांना दोन कुखन, फळांचे गोड केक, भाजून पाठवले, एक मनुकांचा आणि एक नासपतीचा, तेव्हा कुठे त्यांची नजर परत माणसांत आली.

एकेक बंदूक परत जात होती, आणि एकेकीचा निळा डाग आर्डिसच्या खांद्यावर राहत होता. तो डाग डार्लाने पाहिला. आर्डिस बरणीचं झाकण उघडायला गेली, सदऱ्याचा गळा खांद्यावरून सरकला आणि परत जागेवर आला, तेवढ्यात. डार्ला तशीच उठली. घरी गेली, शिवणाच्या कपाटातून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली एक हलकी, वीस बोअरची दुनळी काढली, बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसली, आणि सकाळी शाळेत जाता जाता आर्डिसच्या पडवीत ठेवून आली. चिकटपट्टी लावली नाही, चिठ्ठी ठेवली नाही.

ती दुनळी डार्लाच्या वडिलांनी तिच्यासाठी घेतली होती. डार्ला चणीने लहान, म्हणून त्यांनी स्वतः करवतीने दस्ता कापून आखूड केला होता. रांगेत ती नेहमी वडिलांच्या डावीकडे. पक्षी पडला की वडील टोपी काढायचे, देवाचे आभार मानायचे, मग पक्षी झोळीत टाकायचे. ते गेले त्या वर्षी डार्लाने बंदूक गुंडाळून ठेवली आणि गावच्या दुकानात मिळणारा शिकारीचा परवाना पुन्हा काढला नाही. कुणी विचारलं तर म्हणे, वेळ कुठे मिळतो. नाव लावलं असतं तर आर्डिसने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की मग तू का नाही येत.

आर्डिसच्या खांद्याशी ती दुनळी पहिल्याच दिवशी जुळली. हार्लनच्या बंदुकांमुळे आयुष्यभर मान ताणून नेम धरलेली ती बाई, तिला पहिल्यांदाच कळलं की बंदूक आपल्या मापाचीही असते. ती डार्लाला सांगत आली होती की ही गालाला लागते तेव्हा उशी लागल्यासारखं वाटतं. रात्री ती कपाटात कुलपात ठेवायची, किल्ली बायबलशेजारी. पाइप केंटच्या ट्रकमध्ये परत गेला होता.

"ज्याची असेल त्याला मी विचारणार आहे, विकतोस का," आर्डिस तिसऱ्या वळणावर म्हणाली.

"विकणार नाही तो," डार्ला पटकन बोलून गेली. मग म्हणाली, "म्हणजे, असल्या वस्तू कोण विकतं?"

आर्डिसने तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि पुढचा मैल ती फक्त भोपळ्याच्या भावाबद्दल बोलली.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळं गाव कुरणात जमलं. ऊन होतं पण वारा बोचरा, बायकांनी सूपाची पातेली ट्रकच्या मागच्या फळीवर मांडलेली. केंटही आला होता, आणि ट्रकमध्ये बादली होती. बादलीत घोंगडी घडी करून ठेवलेली. आर्डिसने ती पाहिली. जागेवर जाऊन तिने क्षणभर डोळे मिटले, ओठ हलवले, आणि मग चकती मागितली.

पहिली फुटली. दुसरी फुटली. तिसरी हुकली, तेव्हा डुएन मागून म्हणाला की माझी बंदूक घेतली असतीस तर. आर्डिस वळली नाही. म्हणाली, "तुझी घेतली असती तर अजून पहिल्याच चकतीवर झाडत बसले असते." लोक हसले, डुएन सगळ्यात मोठ्याने.

विसावी चकती झाली तेव्हा अकरा फुटल्या होत्या. पाच राहिल्या, आणि त्यांतल्या दोन तरी फुटायलाच हव्या होत्या. आर्डिसने काडतुसं भरली, बंदूक बंद केली, चाप अडवून धरणारा खटका पुढे ढकलला. तो सरकेना. तिने पुन्हा ढकलला. थंडीने तिची बोटं लाल झाली होती. केंट पुढे झाला, हळू आवाजात म्हणाला, "आई, राहू दे. छान खेळलीस. आता पुरे झालं." तो चांगल्या मनानेच म्हणत होता, आणि म्हणूनच आर्डिसची मान खाली गेली.

डार्लाच्या हातात सूपाचा डाव होता. तो तिने पातेल्यात सोडला.

"सरळ ढकलू नकोस," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "अंगठा डावीकडून दाब, मग सरकव. गार हवेत तो असाच अडतो."

आर्डिसने तसं केलं. खटका लोण्यातून गेल्यासारखा सरकला. तिने मान वळवून डार्लाकडे बघितलं, फार वेळ नाही. मग चकती मागितली.

शेवटच्या पाचांतल्या चार फुटल्या. एक तर इतकी बारीक फुटली की नारिंगी धूर उडाला. टाळ्या झाल्या, पोस्टातल्या बाईंनी रुमाल उडवला. केंट आईजवळ गेला, काय बोलावं ते सुचेना म्हणून त्याने तिच्या कानावरची टोपी नीट केली. म्हणाला, "बरं. रांगेच्या मधे तू. पण मग बादलीचं काय करायचं?"

"पाळकांचा गुडघा सुजलाय," आर्डिस म्हणाली. "त्यांना बसव. घोंगडीही त्यांनाच दे, शेपटाची भरपाई म्हणून."

पाळक सूप पीत होते. त्यांनी वाडगा खाली ठेवून विचारलं, थर्मासही मिळणार का. मिळणार म्हटल्यावर ते एका पायावर तयार झाले, दुसरा सुजलेलाच होता.

केंटने गाडीतून सोडतो म्हटलं, पण आर्डिसने चालतच जायचं ठरवलं, आणि डार्ला अर्थातच बरोबर. पातेली केंटच्या गाडीत गेली. दोघी खडीच्या रस्त्याला लागल्या. कापलेल्या सोयाबीनच्या शेतातून एक नर फेझंट ओरडत उठला आणि पलीकडच्या गवतात उतरला. दोघींचीही मान एकदमच तिकडे वळली, आणि दोघींनाही ते कळलं.

"तुझ्या वडिलांनी कापलाय ना दस्ता?" आर्डिस म्हणाली. "करवत जराशी तिरकी गेलीय. त्यांनी माझ्या गोठ्याचं दार बसवलं होतं, तेही असंच तिरकं आहे. गुरुवारी तू 'विकणार नाही तो' म्हणालीस, तेव्हाच मला संशय आला होता."

डार्ला हसायला लागली. हसता हसता तिने बाहीने डोळे पुसले, आणि पुन्हा हसली. वडील कधी सरळ रेघ कापत नसत, असं म्हणाली. मग म्हणाली की दुनळी तू ठेव, माझ्याकडे ती कपाटातच पडून राहणार, तुझ्याकडे निदान हवा खाईल.

आर्डिसने दुनळी उघडली, नळ्यांत डोकावून दोन्ही रिकाम्या असल्याची खात्री केली, आणि ती डार्लाच्या हातात दिली. डार्लाचा हात दस्त्यावर बरोबर जिथे बसायचा तिथेच बसला.

"घरात माझ्याकडे राहील," आर्डिस म्हणाली. "पण शेतात ती निम्मी तुझी. एक शेत मी, एक शेत तू. ज्या शेतात तुझ्या हातात असेल तिथे मी रिकाम्या हाताने चालेन, पर्स नाही घेणार. हार्लन माझ्या डावीकडे चालायचा, ती जागा दोन वर्षं मोकळी आहे. तू उद्या शाळा सुटली की दुकानात जा आणि तुझ्या नावाचा परवाना काढून आण. शनिवारी माझ्या डावीकडे चाल."