बापूंची दोन मिनिटं

बापू मोघे गेल्याचं मला कळलं ते इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात, प्रिंटरपाशी उभा असताना. आमच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन कौस्तुभ फोनवर म्हणाला, "मिलिंद, बापू गेले रे. सकाळी. हार्ट." मी "अरेरे" म्हणालो, फोन ठेवला, आणि माझ्या मनात पहिलं जे आलं ते सांगून टाकतो, कारण या पुरवणीच्या संपादकांनी 'मनापासून लिही' असं बजावलंय. मनात आलं, आता हा माणूस माझ्या बाबांची माफी मागणार नाही. चार वर्षं मी वाट बघत होतो. आणि हे असे, कोणाला न सांगता, निघून गेले… स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मान्य. पण बापू जित्या माणसांबद्दल जे बोलायचे ते ज्यांनी ऐकलंय, त्यांनी मला थोडी सूट द्यावी. वयाने ते माझ्याहून वीस-एक वर्षांनी मोठे, त्यामुळे राग धरायचा तोही अहो-जाहो करून. हीसुद्धा एक शिक्षाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मेडनहेड आणि ब्रॅकनेलच्या आसपासची आम्ही मराठी मंडळी रविवारी सकाळी कौन्सिलच्या मैदानावर फुटबॉल खेळतो. बहुतेक सगळे आयटीतले, वर्क परमिटवर आलेले, पोटं सुटायला लागलेले. चार टीम आहेत. आधी गावाप्रमाणे टीम व्हायच्या, पुणेकर एकीकडे, मुंबईकर दुसरीकडे, आम्ही नागपूरवाले कुठे जागा मिळेल तिकडे. त्यातून भांडणं. मग अमेरिकेत काही वर्षं काढून आलेल्या एकाने तिकडची ड्राफ्टची पद्धत आणली. मार्चमध्ये हॉल घ्यायचा, सगळ्या खेळाडूंची नावं फळ्यावर लिहायची, आणि चार कॅप्टनांनी आळीपाळीने एकेक माणूस उचलायचा. गेल्या वर्षी जी टीम शेवटी आली, तिला पहिली निवड. म्हणजे ती बहुधा आम्हालाच असायची.

बापू आमच्या टीमचे फॅन होते. फॅन म्हणजे एकुलते एक. आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता या माणसाने! पण लहानपणापासून पुण्यात मैदानाच्या कडेला उभं राहून मॅच बघितलेल्या, आणि इथे आल्यावर कुठल्याशा खालच्या डिव्हिजनच्या क्लबाच्या मागे पावसापाण्यात फिरलेले. मासे धरणारे लोक वापरतात तसली एक घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन ते टचलाइनपाशी बसायचे आणि उंटावरून शेळ्या हाकायचे. "अरे तो लेफ्ट बॅक कुठे फिरायला गेलाय? माघारी बोलवा त्याला, घरी पाहुणे आलेत!" असं काहीबाही चालू. गोल झाला तर टाळी नाही. "चुकून गेला," एवढंच. आणि पुढच्या क्षणी पुन्हा पट्टा सुरू.

पण त्यांचा खरा सण म्हणजे ड्राफ्ट. मैदानावरचा खेळ हा त्यांच्या दृष्टीने नुसता निकाल, गुन्हा घडायचा तो मार्चमध्ये, हॉलमध्ये. त्यांची मतं ठाम होती. पहिली निवड बचाव करणाऱ्याचीच हवी. दुसरी, डाव्या पायाने खेळणारा जो कोणी असेल तो, मग तो कितीही जाड असो. गोलकीपर तिसऱ्या फेरीच्या आत. "गोलकीपर शेवटी घेणारा कॅप्टन म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया खणणारा गवंडी." आणि फॉरवर्ड? फॉरवर्ड कधीच पहिला घ्यायचा नाही. "पुढे उभं राहायला काय लागतं रे? मारुतीच्या देवळाबाहेरसुद्धा माणसं उभी असतात." कौस्तुभ नेमका दरवर्षी पहिला फॉरवर्ड घ्यायचा. मग बापू हॉलमधल्या तिसऱ्या रांगेतल्या, रेडिएटरजवळच्या आपल्या खुर्चीतून उठायचे, घसा खाकरायचे आणि सभेत बोलतात तसं गंभीर बोलायचे, "मित्रहो, आपली टीम आपल्यात राहिली नाही. आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळू या." आणि अख्खा हॉल उभा राहायचा! हसू दाबत, माना खाली घालून. ती दोन मिनिटं कधी पुरी व्हायची नाहीत, अर्ध्या मिनिटात कोणीतरी फिस्सकन हसायचं आणि सगळे बसायचे. मीही पहिल्या वर्षी उभा होतो, मीही हसलो होतो. छान वाटलं होतं. स्वतःच्या घरावर दगड पडत नाही तोवर छानच वाटतं.

पुढच्या वर्षी कौस्तुभने पहिली निवड केली ती माझी.

त्या मार्चमध्ये माझे बाबा इथे आले होते, पहिल्यांदाच. पोस्टातून रिटायर झालेले, नागपूरच्या वस्तीत ज्यांच्या शब्दाला मान आहे असे. दर रविवारी विहारात जाणारे, कोणाच्याही दुःखात पहिले पोचणारे. मी त्यांना हौसेने हॉलवर नेलं. बायको सुजाताने त्यांना नवीन जाकीट घेऊन दिलं होतं, ते घालून ते मागच्या रांगेत ताठ बसले होते. माझं नाव पहिलं पुकारलं गेलं तेव्हा मी वळून बघितलं. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण 'पहिला नंबर' कळतो. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी दहावीच्या निकालानंतर थेट त्या दिवशी बघितला.

आणि बापू उठले. तीच खाकर, तोच आवाज. "मित्रहो…" सगळा हॉल उभा राहिला. बाबाही उभे राहिले. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं! माणसं उभी राहिली, शांतता पाळा म्हणाले, म्हणजे कोणीतरी गेलंय. त्यांनी टोपी काढली, हात जोडले, डोळे मिटले, मान झुकवली. अर्ध्या मिनिटात नेहमीप्रमाणे कोणीतरी फिसकलं, सगळे खाली बसले, गप्पा सुरू झाल्या. बाबा उभेच. डोळे मिटलेलेच. त्यांची दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. हळूहळू सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं, कुजबुज झाली, आणि मग बाबांनी डोळे उघडले आणि अगदी हळुवार, समाचाराला गेलेला माणूस विचारतो तसं, पुढे उभ्या असलेल्या बापूंना विचारलं, "कोण गेलं?"

हॉल फुटला. मी शपथेवर सांगतो, तसलं हसणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही, ऐकायचंही नाही. आणि बापू, त्यांना काय माहीत हे कोणाचे कोण, त्यांना आयती फुल टॉस मिळाली होती, ते म्हणाले, "मिलिंद म्हणून एक फॉरवर्ड होता हो. वय एकतीस. त्याच्या मागे दहा जणांची टीम आहे, तीही फार दिवस काढेल असं वाटत नाही." लोक डोळे पुसायला लागले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. रांगेतून निघून माझ्यापर्यंत आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, नुसता ठेवला… मग कोणीतरी बापूंच्या कानात सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, हे मी कबूल करतो. थर्मास उचलून ते बाहेर पार्किंगमध्ये गेले, ते परत आत आलेच नाहीत.

 गाडीत, मेडनहेडच्या अलीकडे, बाबांनी विचारलं, "त्या माणसाला त्या खेळातलं कळते काय?" मी म्हणालो, "कळतं." "मग असू दे," म्हणाले. बस्स. पण उरलेले सगळे दिवस ते हॉलवर आले नाहीत, मैदानावर आले नाहीत, आणि नागपूरला गेल्यावर पुन्हा इंग्लंडला या म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायला लागायचे. माझ्या बाबांनी उमेदीच्या वयात माणसांच्या घोळक्याचं हसणं पुष्कळ ऐकलंय, ते कशावरून असायचं ते या पुरवणीच्या वाचकांना मी समजावून सांगायला नको. बापू तसे नव्हते. ते सगळ्यांचा सारखाच अपमान करायचे, पुणेकरांचा जरा जास्तच. पण बाबांना ते कसं कळणार? आणि ते का म्हणून समजून घ्यायचं बाबांनीच?

त्यातही राग येण्यासारखी गोष्ट अशी की बापू बरोबर निघाले. त्या सीझनमध्ये मी दोन गोल केले, त्यातला एक माझ्या पाठीला लागून गेला. आम्ही शेवटी आलो. बचाव करणाऱ्या ज्या शिरीषला आधी घ्या म्हणून ते घसा कोरडा करत होते, त्या आडव्या माणसाने दुसऱ्या टीमला एकट्याने वाचवलं.

दर रविवारी मी टचलाइनवरून जाताना बापू विचारायचे, "बाबा कसे आहेत रे?" मी "बरे आहेत" म्हणून पुढे जायचो. विचारपूस म्हणजे माफी नव्हे. एकदा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बापू, मला काय विचारता? त्यांनाच फोन करा ना. दोन शब्द बोला." आणि नंबर दिला. त्यांनी तो मोबाइलमध्ये घालून घेतला, चष्मा कपाळावर चढवून, एकेक आकडा दाबत. "करतो," म्हणाले. "या आठवड्यात करतो." पुढच्या रविवारी मी विचारलं तर थर्मासचं झाकण फिरवत बसले. एवढ्या मोठ्या हॉलसमोर ज्याची जीभ अडली नाही, त्याची एका म्हाताऱ्याशी फोनवर बोलायला अडली! फोन त्यांनी केला नाही. मी बाबांना विचारत राहिलो, आला का फोन? कोणाचा, म्हणायचे. नंतर मी विचारायचं सोडलं.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. फोटोला हार, उदबत्ती, आणि मेल्या म्हशीला मणभर दूध. बापू किती प्रेमळ, बापू किती दिलदार. एकजण तर म्हणाला, बापूंनी कधी कोणाला दुखवलं नाही. मी सुजाताकडे बघितलं, ती जमिनीकडे बघत होती. मग अध्यक्ष म्हणाले, "आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून…" सगळे उभे राहिले. मी बसून राहिलो. सुजाताने बाही ओढली, मी हात सोडवून घेतला. ठरवूनच आलो होतो. पूर्ण दोन मिनिटं, सगळ्यांच्या कमरा आणि पाठी बघत मी बसलो होतो, आणि मला जराही लाज वाटली नाही. नंतर मोघेवहिनी चहा घेऊन माझ्यापाशी आल्या. "गुडघा दुखतोय का रे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही." "बरं," म्हणाल्या आणि कप माझ्या हातात दिला.

त्या रविवारी मी बाबांना फोन लावला. म्हटलं, ते गेले. बाबांना नाव आठवत नव्हतं, मग मी सांगितलं, तेच, हॉलमधले. "अरे अरे," म्हणाले. "सभा झाली काय? उभा राहिला होतास ना?"

"नाही."

"काहून?"

"तुम्हाला माहीत आहे काहून."

लाइनवर खरखर होती. मला वाटलं कॉलिंग कार्ड संपलं. मग बाबा म्हणाले, "मी तर कोण गेलं हे माहीत नसून उभा राहिलो होतो. तुला तर माहीत होतं ना बाप्पा."

मला बाबांचाच राग आला. भयंकर. यांच्यासाठी मी चार वर्षं तोंड कडू केलं आणि हे मलाच शिकवतायत! मी काहीतरी बोलून फोन ठेवला आणि सुजाताशी विनाकारण भांडलो.

गेल्या शनिवारी यंदाचा ड्राफ्ट झाला. मंदीमुळे काहीजण परत गेलेत, काही नवी मंडळी आली आहेत, फळा तोच. पहिली निवड अर्थात आमची. कौस्तुभ उठला आणि त्याने पुन्हा फॉरवर्ड घेतला. तेही कोणाला? जो मागच्या वर्षी रिकाम्या गोलसमोरून बॉल पार्किंगमध्ये मारत होता, त्याला! शिरीष फळ्यावर तसाच शिल्लक होता. कपाळ आमचं. हॉल एकदम गप्प झाला आणि सगळ्यांच्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. रेडिएटरजवळच्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं, कोणी कोटही टाकला नव्हता. घसा खाकरल्याचा आवाज आला नाही… कौस्तुभसुद्धा खाली बसेना. वाट बघत होता बिचारा.

मी उभा राहिलो. माफ केलं म्हणून नाही, ते नीट वाचावं. ती निवडच तशी होती, तिला दोन मिनिटं देणं भागच होतं. मी मान खाली घातली, हात जोडले आणि डोळे मिटले, कारण उभं राहायचं तर बाबांसारखं, नाहीतर नाही. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. एक, मग दोन, मग सगळ्या. अर्धं मिनिट गेलं असेल, एक गेलं असेल, कोणी फिसकलं नाही. पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा माझ्या मागच्या रांगेत होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, पण तोही उभा राहिला होता. दोन मिनिटं पुरी झाल्यावर तो पुढे वाकला आणि माझ्या कानाशी, अगदी हळू, त्याने विचारलं,

"कोण गेलं?"

सगळ्यांना ऐकू गेलं. कोणी हसलं नाही.