अर्ध्या फुटाची कड

चुळबुळे मास्तरांना खुर्चीवर बसलेलं आमच्या सोलापूरच्या शाळेत कुणीच पाहिलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत त्यांची म्हणून एक खुर्ची होती, तिच्यावर आम्ही आमच्या टोप्या आणि छत्र्या ठेवायचो. मास्तर आपले दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत. चहासुद्धा येरझाऱ्या घालतच प्यायचे आणि निम्मा धोतरावर सांडायचे. आडनाव अर्थातच दुसरं होतं, पण मुलांनी ठेवलेलं नाव इतकं चपखल बसलं की एकदा हेडमास्तरांनीही भर सभेत तेच घेतलं. मास्तरांनी ‘ओ’ दिली.

शिकवायचे महत्त्वमापन, म्हणजे घन आकृत्यांचं गणित. शंकू, गोल, दंडगोल. पण ते फळ्यावर थोडंच थांबणार? दिसेल त्या वस्तूला त्यांचा एकच प्रश्न असायचा, ‘यात मावतं किती?’ टांगेवाल्याच्या घोड्याची बादली, शेजारच्या विणकरांची सूत रंगवायची पिंपं, देवळापुढचा हौद, काही म्हणता काही सुटलं नाही. आमच्याकडे जेवायला आले की आधी तांब्यात बोट घालून खोली बघायचे. त्यांची पाठ वळली की आमची बायको तो तांब्या पुन्हा घासायची आणि माझ्यावर डोळे वटारायची.

पृष्ठफळाला मात्र त्यांच्या लेखी किंमत नव्हती. तो धडा ते एका तासात उरकायचे. म्हणायचे, “पृष्ठफळ रंगाऱ्याला लागतं. माणसाला लागतं घनफळ. पेटी बाहेरून कशी आहे ते मला सांगू नका, आत काय मावतं ते बोला.” मी पडलो मराठीचा शिक्षक, मी काय बोलणार! शिवाय त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे त्यांच्यामागून चालत घालावा लागे.

शनिवारी शाळा अर्धी असायची. गिरणीचा भोंगा झाला की मास्तर निघालेच, आणि जाताना माझी मानगूट धरून मलाही न्यायचे. त्यांच्या पायाला भिंगरी. माझ्या पायाला फोड. टांग्याची वाट बघणं त्यांना जमायचं नाही, म्हणून तीन कोस कुंभारीपर्यंत पायी. तिथे नीलव्वाचं घर होतं. कानडी वळणाचं मराठी बोलणारी, कपाळाला विभूती लावणारी ही विधवा बाई दोन मुलगे आणि एका सुनेला घेऊन शेती करायची. तिनं पहिल्याच भेटीत मास्तरांना भाकरी वाढली होती. ती जाडजूड भाकरी मास्तरांनी उभ्यानं खाल्ली आणि खाता खाता चिमटीत धरून तिची जाडीही मोजली.

नीलव्वाच्या अंगणात पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, तोंड अरुंद आणि आत पोट घागरीसारखं. चैत्रात ते रिकामं होतं तेव्हा मास्तर गाठी मारलेला दोर घेऊन आत उतरले आणि पोटाचं माप घेऊन आले. सहा फूट व्यासाचा जवळजवळ पुरा गोल, म्हणाले. इतके खूश, की परत येताना तीन कोस मला एक शब्द बोलू दिला नाही. मग पेवात ज्वारी भरली, वरून कडबा आणि माती दाबून तोंड बंद झालं.

त्या साली आश्विन कोरडा गेला आणि ज्वारीची पेरणीच झाली नाही. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा नीलव्वा चिंतेत होती. मैंदर्गीला दिलेली लेक, जावई आणि तीन पोरं अशी पाच माणसं तिच्याकडे येऊ म्हणत होती. तिकडे घरात दाणा नव्हता. आपल्या चौघांत ही पाच घेतली, तर पुढच्या सुगीपर्यंत पेव पुरेल का? उघडून बघायची सोय नाही. पेव एकदा उघडलं की सगळं काढावं लागतं, नाहीतर किडा लागतो. मास्तरांनी लगेच कोळसा मागितला आणि ओट्यावर हिशेब मांडला. गुणाकार मला तपासायला लावला. मी तपासला, बिनचूक होता.

नीलव्वा म्हणाली, “कडंचं दाणं पेव खातंय की, मास्तर. वळीव बी लई पडलाय औंदा.”

“एक पोतं सोडलंय त्यासाठी,” मास्तर म्हणाले. त्यांचा एक पाय ओट्याखाली गेलाही होता. “पुरेल. लेकीला बोलवा.”

लेक आली.

संक्रांतीनंतर पेव उघडलं. उघडल्यावर आतली कोंदट हवा जाईपर्यंत थांबतात, दिवा खाली सोडतात, तो विझला नाही तरच माणूस उतरतो. तो सगळा वेळ मास्तर पेवाभोवती गरगर फिरत होते. नीलव्वाची नातवंडं त्यांच्यामागून फिरू लागली, त्यांना वाटलं खेळच आहे. मग नीलव्वाचा थोरला मुलगा उतरला. मधली ज्वारी मोत्यासारखी आली. पण कडेची आली ती काळी, बुरसलेली, हातात घेतली की ढेकूळ. वळवाचं पाणी चहूबाजूंनी मुरलं होतं. अर्धा फूट कड गेली होती.

अर्धाच फूट, मी म्हणालो. मला वाटलं, धीर द्यावा. मास्तरांनी ती काळी ज्वारी मुठीत घेतली आणि मातीत बसले. हो, बसले. हळू आवाजात मला म्हणाले, “त्रिज्या तीनाची अडीच झाली. तिनाचा घन सत्तावीस. अडीचाचा साडेपंधरा.” तेवढ्यानं माझ्याही तोंडचं पाणी पळालं. चहूबाजूंनी अर्धा फूट गेला म्हणजे पाचातले दोन वाटे गेले. ज्या पृष्ठफळाला ते रंगाऱ्याचं म्हणायचे, त्यानंच नऊ माणसांच्या तोंडचा घास नेला होता. आणि गुणाकार बिनचूक म्हणणारा मी तिथेच उभा होतो. मला आजही त्याची लाज वाटते.

जावई खाली मान घालून म्हणाला, आम्ही माघारी जातो. नीलव्वानं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती मास्तरांना म्हणाली, “उठा तुमी. आल्यात ती आल्यात. भाकरी पातळ करू की.”

त्या दिवशी तिनं भाकरी थापली ती कागदासारखी. घेर तेवढाच ठेवला, म्हणजे पोरांना ताटात कमी दिसू नये. मास्तर न जेवता निघाले.

पुढचं वर्षभर एकही शनिवार चुकला नाही. खांद्याला पेलेल तेवढी ज्वारी घेऊन कुंभारीला जायचे, उंबऱ्यावर ठेवायचे आणि पाण्याचा घोटही न घेता परत फिरायचे. नीलव्वा बसा म्हणायची, हे चालू लागलेले. स्वतः काय खात होते देव जाणे, गालफडं बसली होती. मी एकदा रागावलो, तर म्हणाले, “तिनं सांगितलं होतं हो. मी ऐकून घ्यायला थांबलो नाही.” शाळेत आता पृष्ठफळ आधी शिकवायला लागले, आठ-आठ दिवस तेच. मुलं कंटाळायची. दोरावर टोकापासून अर्धा फूट आत त्यांनी लाल सुताची एक जास्तीची गाठ बांधली होती, ती मुलांच्या हातात द्यायचे.

पुढच्या फाल्गुनात ज्वारी बरी पिकली. त्याच महिन्यात मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला. शेवटच्या शनिवारी खांद्यावर ओझं नव्हतं, तरी ते माझ्या मागे मागे चालत होते. नीलव्वानं दोन ताटं मांडली. मास्तरांच्या ताटात भाकरी पडली, त्यांनी ती चिमटीत धरली. पूर्वीसारखी जाड होती.

“पोरं जेवली?” त्यांनी विचारलं.

“जेवली की. आता तुमी बसा.”

मास्तर मांडी घालून बसले, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि ताक पिऊन झालं तरी बसून राहिले. त्यांची मांडी हलत नव्हती. उठा, उशीर होतोय, असं त्या दिवशी मला म्हणावं लागलं.

चार वर्षांनी पोस्टकार्ड आलं, मास्तर गेले. मी एकटाच कुंभारीला गेलो आणि नीलव्वाला सांगितलं. तिनं पेवाकडे बघितलं.

“त्या दिशी माज्याकडं पोटभर जेवलं व्हतं न्हवं मास्तर?”

“व्हय,” मी म्हणालो.