सासूबाईंचा मुटका

भारतातून पाहुणे आले की जर्मनीत इंगोलश्टाटमधल्या आम्हा मराठी घरांचा कार्यक्रम ठरलेला असतो. मोटारींचं संग्रहालय, म्युनिक, डोंगरावरचा तो पांढरा राजवाडा, डॅन्यूबमधली बोट आणि पाऊस लागला तर खरेदी. हा फेरा मी इतक्यांदा केला आहे की कुठल्या पार्किंगजवळ स्वच्छ टॉयलेट आहे हे झोपेतही सांगेन. राजवाड्याच्या इतिहासापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

सासू-सासरे आले तेव्हाही हाच फेरा सुरू झाला. नवऱ्याची रजा संपलेली, त्यामुळे गाडी मी चालवत होते. सासरे प्रत्येक ठिकाणची माहिती आदल्या दिवशी वाचून यायचे आणि तिथे गेल्यावर आम्हाला सांगायचे. सासूबाई ऐकायच्या, फोटोला उभ्या राहायच्या, बाक दिसला की बसायच्या. काय आवडलं विचारलं तर, "छान आहे, स्वच्छ आहे."

डॅन्यूब एका ठिकाणी उंच कड्यांच्या मधून जाते. बोटीतले सगळे कड्यांचे फोटो काढत होते. सासूबाई कठड्यावरून वाकून पाणी बघत होत्या.

"खोल असेल ना गं?"

"असेल. एवढ्या वाकू नका, आई."

"मला पोहायचंय."

लग्नाआधी त्या गावच्या विहिरीत पोहायच्या, हे मला तेव्हा कळलं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून शिकल्या होत्या. लग्नानंतर एकदाही पाण्यात उतरल्या नव्हत्या. पुण्यात घराजवळ तलाव आहे, पण तिथे सगळ्या ओळखीच्या बायका. इथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. आपल्याला अजून येतं का, एवढंच त्यांना परत जाण्याआधी बघायचं होतं.

"अगं, या वयात?" सासरे म्हणाले. "हाडबिड मोडलं तर?"

"पाण्यात हाड कसं मोडेल, अहो?"

"आणि उद्या राजवाडा आहे."

"तुम्ही बघा राजवाडा. मला सगळे सारखेच दिसतात. एक पलंग, आणि पलंगाभोवती दोरी."

राजवाडा पुढे ढकलला. मी प्रवासी विम्याचे कागद वाचले, सासूबाईंच्या पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला आणि खेळाच्या दुकानातून पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख आणला. सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "हा घालून देवळातसुद्धा जाता येईल," म्हणाल्या.

गावाबाहेर एक बाग्गरझे आहे. रेती काढून झालेल्या खड्ड्यात पाणी साठून झालेलं तळं. उन्हाळ्यात अर्धं गाव तिथे पडलेलं असतं. उथळ भागाला दोरी लावलेली आहे, आणि पलीकडे खोल पाण्यावर लाकडी धक्का आहे, तिथून उड्या मारता येतात. माझी मुलगी तिसरीत आहे. मराठी तिला कळते, उत्तर जर्मनमध्ये येतं. तिने मला जर्मनमध्ये बजावलं, की आजीला दोरीच्या आतच ठेव, आजीकडे बिल्ला नाही. इथे मुलांना पोहण्याची परीक्षा दिल्यावर बिल्ला मिळतो, तो पोशाखावर शिवतात.

मी सासूबाईंना भाषांतर करून सांगितलं.

"बिल्ला? आमच्याकडे जो बुडला नाही तो पास."

त्या पाण्यात शिरल्या. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या, हात पाण्यावर ठेवून. मग वळून बाहेर आल्या.

"झालं ना?" सासरे बाकावरून उठले. "चला."

"नाही येत मला," त्या म्हणाल्या. चेहरा उतरला होता. मी टॉवेल दिला, तो त्यांनी घेतला नाही. "असं चालत चालत कोण शिरतं पाण्यात? आम्ही काठावरून उडी मारायचो. खाली एकदम खोल. मग हातपाय आपोआप हलायचे." त्या धक्क्याकडे बघत होत्या.

मी स्वतः इथे येऊन प्रौढांच्या वर्गात पोहायला शिकले. मला कोणाला वाचवता येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून पहाऱ्यावरच्या जीवरक्षकाला जाऊन सगळं सांगितलं. तो धक्क्यापाशी येऊन उभा राहिला. माझा नारिंगी तरंगता फुगा मी सासूबाईंच्या कमरेला बांधला आणि आधी स्वतः उतरून शिडीला धरून थांबले.

"अगं, नको," सासरे मागून म्हणाले.

"बाजूला व्हा, अहो. पाणी उडेल."

त्यांनी नाक धरलं, उडी मारली आणि हवेतच गुडघे पोटाशी घेतले. मुटका. आधी फुगा वर आला. मग बराच वेळ काही नाही, म्हणजे मला तसं वाटलं. मग सासूबाई वर आल्या, तोंड भलतीकडे, आणि पोहू लागल्या. मान ताठ, हात जोरात. मला वाटलं त्या काठाकडे येतील, पण त्या डावीकडे वळल्या, मग आणखी डावीकडे. एवढं मोठं तळं समोर मोकळं असताना त्या गोल पोहत होत्या. विहिरीत सरळ जायला जागा नसते. एक फेरी पूर्ण करून त्या शिडीपाशी आल्या आणि दमून तिला धरून राहिल्या.

"येतं," त्या म्हणाल्या.

सासरे वर धक्क्यावर बसले होते. त्यांच्या शेजारी टॉवेल पसरून एक जर्मन बाई वाचत पडल्या होत्या. मुटक्याचं बरंचसं पाणी त्यांच्यावर गेलं होतं. त्या उठून बसल्या आणि पुस्तक झटकत मला काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी विचारलं.

"पुढच्या वेळी सांगून उडी मारा, म्हणतायत."

सासूबाईंनी शिडीची वरची पायरी धरली. "मग सांग त्यांना. मारतेय."

मी सांगितलं. बाईंनी टॉवेल उचलला.